वीस अज्ञातं आणि एक दोनशे पानी वही

दहावीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं असतात, आणि ती सोडवायच्या दोन पद्धती तिथे थोड्याच पानांच्या अंतराने भेटतात. एक लोपाची. समीकरणांना सोयीच्या संख्यांनी गुणायचं, एकातून दुसरं वजा करायचं, की एक चल गळून पडतं. दुसरी क्रेमरची. निश्चयक मांडायचे, तिरके गुणाकार करायचे, एकाला दुसऱ्याने भागायचं, की उत्तर हातात. दोन समीकरणांना दोन्ही पद्धतींनी दोन-तीन मिनिटं पुरतात. क्रेमर तर जरा जास्तच देखणा वाटतो. सूत्रात आकडे भरा, झालं!

आता एवढंच करू या. समीकरणांची संख्या वाढवत नेऊ. दोनाची दहा, दहाची वीस, विसाची तीस. आणि सोबत एक दोनशे पानी वही घेऊ. पानावर पंचवीस ओळी, म्हणजे वहीत पाच हजार ओळी. जाडी एक सेंटीमीटर, वजन पाव किलो, किंमत चाळीस रुपये धरू. या एका वहीने आपल्याला पुढचं सगळं मोजायचं आहे.

दहा समीकरणं, दहा अज्ञातं. क्रेमरला इथे अकरा निश्चयक लागतात. पद-न्-पद सुटं मांडायचं तर दहा बाय दहाच्या एका निश्चयकात ३६,२८,८०० पदं असतात. अकरांची मिळून ३,९९,१६,८००. जवळजवळ चार कोटी! एका ओळीत एक पद लिहिलं तरी ७,९८३ वह्या भरतात. त्या एकावर एक रचल्या तर ऐंशी मीटरचा मनोरा होतो, पंचवीस मजली इमारतीएवढा. आणि प्रत्येक पद म्हणजे दहा संख्यांचा गुणाकार, त्यामुळे गुणाकारांची संख्या जाते ३५,९२,५१,२०० वर.

लोपाने हेच गणित किती गुणाकार-भागाकारांत सुटतं? ४३०. चारशे तीस! ओळीला एक लिहिला तरी अठरा पानं. वहीचा दहावा हिस्साही संपत नाही.

थांबायचं नाही. वीस समीकरणं घेऊ. समीकरणं फक्त दुप्पट झाली आहेत. क्रेमरच्या एकवीस निश्चयकांतली पदं आता आहेत ५,१०,९०,९४,२१,७१,७०,९४,४०,०००. हा आकडा वाचायला जड जातो, म्हणून वहीकडे वळू. एकशे दोन कोटी कोटी वह्या! त्या कपाटातल्यासारख्या उभ्या, एकीला एक चिकटून, मुंबईपासून पुण्यापर्यंत लावल्या तर दीडशे किलोमीटरच्या त्या रांगेत दीड कोटी वह्या मावतील. अशा किती रांगा होतील? अडुसष्ट कोटी. त्या सगळ्या रांगा एकापुढे एक जोडल्या तर लांबी पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या ६८० पट होते. सूर्यापर्यंत जाऊन परत यायच्या तीनशे चाळीस खेपा, आणि रस्ताभर वह्याच वह्या.

या वह्या हलवायच्या कशा? साडेतीन हजार टन माल ओढणारी मालगाडी धरली तर त्र्याहत्तर कोटी गाड्या लागतील. दर मिनिटाला एक गाडी सोडली, रात्र नाही, सुट्टी नाही, तरी तेराशे ऐंशी वर्षांहून जास्त काळ गाड्या सुटतच राहतील. शेवटची गाडी आज सुटायची असेल तर पहिली दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात सुटायला हवी होती!

आणि वह्यांचे पैसे? चाळीस रुपयांना एक, तर चार लाख लाख कोटी रुपये. आपल्या देशाचं वर्षभराचं सकल उत्पादन २०२४-२५ मध्ये सुमारे ३३० लाख कोटी रुपये होतं. म्हणजे बाराशे वर्षं साऱ्या देशाने पिकवलेलं, बनवलेलं, कमावलेलं सगळं वह्यांवर उधळायचं. एका वीस अज्ञातांच्या गणितासाठी!

त्याच गणिताला लोप पद्धतीने लागतात ३,०६० गुणाकार-भागाकार. १२३ पानं. चाळीस रुपयांची एक वही आणली तर तिची ७७ पानं कोरी उरतात.

पुन्हा वाचा. एकीकडे चाळीस रुपये, दुसरीकडे देशाची बाराशे वर्षांची कमाई. एकीकडे एक वही, दुसरीकडे सूर्याच्या खेपा. उत्तर दोन्हीकडे तेच, शेवटच्या दशांशापर्यंत तेच. आणि या तुलनेत क्रेमरला झुकतं मापच दिलं आहे. त्याच्या एका ओळीत एकोणीस गुणाकार कोंबले, लोपाला ओळीला एकच दिला.

वेळेचं काय? हातात कॅल्क्युलेटर घेऊन दहा सेकंदांना एक गुणाकार असा वेग धरा. लोपाने एकटा माणूस साडेआठ तासांत मोकळा होतो, सकाळी बसला तर रात्रीच्या जेवणाला हजर. क्रेमरच्या पदांसाठी मात्र १४० कोटी भारतीय एकाच वेळी बसवावे लागतील, तान्ह्या बाळासकट. झोप नाही, सुट्टी नाही. काम संपायला दोन लाख वीस हजार वर्षं लागतील.

कुणी म्हणेल, माणसं कशाला, यंत्र लावा. लावू. एकेकाळी जगात पहिलं आलेलं लावू. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत फ्रंटिअर नावाचा महासंगणक आहे. २०२२ मध्ये त्याचा वेग मोजला गेला तो सेकंदाला अकरा हजार कोटी कोटी क्रिया. वीस अज्ञातांचं क्रेमर तो पंधरा मिनिटांच्या आत उडवतो. जिंकला वाटतं? पंचवीस अज्ञातं द्या. पावणेतीनशे वर्षांहून अधिक. तीस द्या. ६८७ कोटी वर्षं. आपली पृथ्वीच ४५४ कोटी वर्षांची आहे! आणि आता फक्त एक, एकच अज्ञात वाढवा. एकतीस. २२,७०० कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. विश्वाची सोळा आयुष्यं संपली तरी यंत्र गुणाकारच करत बसलेलं असेल.

लोपाला त्याच एकतीस अज्ञातांसाठी १०,८८१ क्रिया पुरतात. खिशातल्या फोनला हे काम लागल्याचंही कळत नाही.

क्रेमरवर अन्याय नको, म्हणून एक गोष्ट सांगतो. मोठे निश्चयक आज कुणी पद-न्-पद मांडून काढत नाही. मग कसे काढतात? लोपानेच! ओळींतून ओळी वजा करून, शून्यं पाडत पाडत. मला तर हा लोपाचा सगळ्यात मोठा विजय वाटतो. प्रतिस्पर्ध्यालाही शेवटी त्याच्याच दारात यावं लागतं.

ही करामत नेमकी घडते कशी, ते एकदा जवळून बघू. त्यासाठी आपलाच माणूस आहे. भास्कराचार्य. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचं सांगणारा शिलालेख आहे. सिद्धांतशिरोमणी ११५० सालचा, त्या वेळी भास्कराचार्यांचं वय छत्तीस. त्यांच्या बीजगणितात अज्ञातांना रंगांची नावं आहेत. पहिलं यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसती आद्याक्षरं, या, का, नी, पी. आणि एक उदाहरण असं. चार माणसं. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरं, ७ बैल. दुसऱ्याकडे अनुक्रमे ३, ७, २, १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १. चौघांची संपत्ती सारखी. तर प्रत्येक जनावराची किंमत सांगा.

घोड्याची किंमत या, उंटाची का, खेचराची नी, बैलाची पी. शेजारशेजारच्या माणसांची संपत्ती समान धरली की तीन ओळी मिळतात:

२ या = ५ का − ६ नी − ६ पी
३ या = ३ का + नी − पी
२ या = ३ का − २ नी + पी

आता घोडा हाकला. पहिली आणि तिसरी ओळ समान धरली: २ का = ४ नी + ७ पी. पहिलीला तीनने, दुसरीला दोनने गुणून समान धरलं: ९ का = २० नी + १६ पी. घोडा गेला, ओळी दोनच राहिल्या. आता उंट हाकला. वरच्या ओळीला नऊने, खालच्या ओळीला दोनने गुणलं: ३६ नी + ६३ पी = ४० नी + ३२ पी. म्हणजे ४ नी = ३१ पी. संपलं! लहानात लहान पूर्ण संख्या घेतल्या तर खेचर ३१, बैल ४. मागे चढत जा: उंट ७६, घोडा ८५. ताळा करा, चौघांचीही संपत्ती ८५३ भरते.

सारं गुपित एवढंच. एक चल घालवलं की उरलेलं गणित एका पायरीने लहान होतं, आणि घालवलेल्याकडे थेट शेवटी, मागे चढतानाच बघावं लागतं. क्रेमरच्या सुट्या पदांत मात्र प्रत्येक पद पहिल्यापासून सुरू होतं.

चीनमध्ये तर ही पद्धत भास्कराचार्यांच्याही कितीतरी आधी होती. गणिताचे नऊ अध्याय या प्राचीन ग्रंथाच्या आठव्या अध्यायात धान्याच्या पेंढ्यांची तीन अज्ञातांची गणितं आहेत, आणि ती मोजणीच्या पाटावर काड्या मांडून, रकान्यातून रकाना वजा करून सोडवली आहेत. लिऊ हुई याने त्यावर भाष्य लिहिलं ते इसवी सन २६३ मध्ये. युरोपात गाउसने १८१० च्या सुमारास पॅलास या लघुग्रहाची कक्षा काढताना सहा अज्ञातं याच मार्गाने एकेक करून घालवली, आणि आज पद्धतीला नाव आहे ते गाउसचं.

सहा अज्ञातं गाउसने हाताने सोडवली. मग अठरा? १९४६ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अठरा समीकरणांचं गणित येऊन पडलं. सोडवायला बसले चौघे जण, फॉक्स, गुडविन, विल्किन्सन आणि साक्षात ॲलन ट्युरिंग. मेजावरची गणनयंत्रं, लोपाची पद्धत. आपल्या हिशेबाने अठरा अज्ञातांना २,२६२ गुणाकार-भागाकार लागतात. लांबच लांब दशांश सांभाळत त्यांना सुमारे दोन आठवडे लागले. इतक्या वजाबाक्यांत बारीक चुका साचत जाऊन उत्तराचा चुराडा होईल, अशी त्या काळी पुष्कळांना धास्ती होती. उत्तर समीकरणांत घालून पाहिलं तर चूक आश्चर्य वाटावं इतकी लहान निघाली! दोनच वर्षांनी ट्युरिंगने या चुकांवर शोधनिबंध लिहिला.

मग बेचाळीस. १९४९ मध्ये हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिएफ यांनी अमेरिकेची अर्थव्यवस्था पाचशे क्षेत्रांत मांडली. कोळसा, पोलाद, गाड्या, कोण कुणाकडून किती घेतो. पाचशे समीकरणं तेव्हाच्या मार्क-२ या संगणकाला झेपेनात, म्हणून ती आवळून बेचाळीसवर आणली. यंत्राला ५६ तास लागले. याच कामासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. त्या बेचाळीसची क्रेमरची पदं मोजू? ६ वर ५२ शून्यं! पृथ्वीवरच्या सगळ्या अणूंची संख्या १ वर ५० शून्यं या घरातली आहे. वह्यांचं सोडाच. एका अणूवर एक पद कोरायचं ठरवलं तरी ही पृथ्वी पुरणार नाही. शेकडो पृथ्व्या लागतील! आणि लोपाने? २६,४४६ क्रिया. सहा वह्या. दोनशे चाळीस रुपये. ज्या पाचशे समीकरणांपुढे मार्क-२ ने हात टेकले, ती आजचा फोन सेकंदाच्या आत सोडवतो.

पुढे आकडे धावतच सुटले. उत्तर अमेरिकेच्या भूमापनाचं जाळं नव्याने बसवायचं काम १९८६ मध्ये पुरं झालं, तेव्हा एकाच वेळी नऊ लाखांहून अधिक अज्ञातं सोडवली गेली. तिथे सहगुणकांत शून्यं भरपूर होती, म्हणून ते जमलं.

शून्यं नसतील तर? तीच तर महासंगणकांची कुस्ती आहे. जगातल्या पाचशे वेगवान संगणकांची टॉप-५०० ही यादी १९९३ पासून निघते, आणि तिची परीक्षा म्हणजे रेषीय समीकरणांचा प्रचंड संच लोप पद्धतीने सोडवून दाखवणं! पुण्याचा ‘एका’ नावाचा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला, तो याच परीक्षेत. सेकंदाला एक कोटी कोटीहून अधिक क्रिया. पुण्यात एका यंत्राने दहावीच्या पुस्तकातलं गणित जगात चौथ्या क्रमांकाच्या वेगाने सोडवलं, ही बातमी खरं तर त्या शब्दांत छापून यायला हवी होती.

आणि २०२२ च्या जूनमध्ये फ्रंटिअर पहिला आला तेव्हा त्याच्यापुढे किती अज्ञातं होती? सुमारे २ कोटी ४४ लाख. समीकरणंही तेवढीच. प्रत्येक समीकरणात प्रत्येक अज्ञात हजर. सहगुणकांची ही जी चौकट आहे, ती आलेख वहीच्या कागदावर उतरवू या. एका सेंटीमीटरच्या चौकोनात एक संख्या. कागदाची बाजू होते २४४ किलोमीटर! मुंबई ते पुणे, आणि वर आणखी नव्वदेक किलोमीटर. चारही बाजू तेवढ्याच. कागद अंथरला तर सोळा गोवे झाकले जातील, महाराष्ट्रावर टाकला तर राज्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा कागदाखाली जाईल. त्यात संख्या किती? सहा कोटी कोटी.

त्या कागदावर लोप सुरू होतो. पहिली ओळ पटीत घ्या, खालच्या प्रत्येक ओळीतून वजा करा. एक अज्ञात गेलं. आता दुसरी ओळ. मग तिसरी. असं दोन कोटी चव्वेचाळीस लाख वेळा. गुणाकार आणि वजाबाक्या धरून एकूण क्रिया पावणेदहा कोटी कोटी कोटी. १४० कोटी भारतीयांनी दहा सेकंदांना एक या वेगाने केल्या तर बावीस लाख वर्षं. फ्रंटिअरच्या वेगाने अडीच तासांहून थोडं कमी. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटावी आणि तिने पुणे गाठायच्या आत अडीच कोटींच्या घरातली अज्ञातं सुटून तयार असावीत! वीज? यंत्र सुमारे २१ मेगावॉट खातं, म्हणजे एका गणिताला ५१-५२ हजार युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ती त्रेचाळीस वर्षं पुरली असती.

आता धीर करून शेवटचं विचारू. या २ कोटी ४४ लाख अज्ञातांना क्रेमर लावला तर पदं किती? इथे वह्या, गाड्या, पृथ्व्या, विश्वाचं वय, सगळं थिटं पडतं. पदं लिहायची गोष्टच सोडा. पदांची संख्या किती, तो नुसता आकडा लिहायचा तर तो सुमारे सतरा कोटी अंकी आहे. ओळीला चाळीस अंक बारीक अक्षरात लिहिले तरी पानावर हजार, वहीत दोन लाख. तो एक आकडा, फक्त आकडा, लिहायला आपल्याला साडेआठशे वह्या लागतील!

लोपालाही सगळं फुकट मिळत नाही. अज्ञातं दुप्पट केली की काम आठपट होतं. १९६९ मध्ये फोल्कर स्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाने गाउसचा लोप सर्वोत्तम नाही असं थेट शीर्षकातच सांगणारा छोटासा निबंध लिहिला, आणि आठपटीच्या जागी सातपटीत भागवता येतं हे दाखवून दिलं. आठातला एक कमी! लहान गणितांत त्याचा उपयोग जाणवत नाही, पण कोटींच्या घरात तो एक फार मोठा होतो.

टॉप-५०० ची यादी दरवर्षी जून आणि नोव्हेंबरमध्ये येते. बातमीत एक्झाफ्लॉपचा, म्हणजे वेगाचा, आकडा ठळक छापतात. तुम्ही यादी उघडून एनमॅक्स हा रकाना बघा. त्या यंत्राने एका बैठकीत किती अज्ञातं सोडवली, ते तिथे लिहिलेलं असतं. त्या संख्येचा घन करा, दोनाने गुणा, तिनाने भागा, यंत्राच्या सेकंदाच्या वेगाने पुन्हा भागा. किती सेकंद लागले ते निघेल.